४५ हजारात घरचा पीसी, ही लिस्ट एकमेकांना बसेल का? (सोलापूर)

होटगीरोडकर

नमस्कार मंडळी, सोलापुरातलं कोणी पीसी असेंबल करणारं असेल तर जरा बघा की. बहीण डिप्लोमाला आहे, कॉम्प्युटर, दुसरं वर्ष, आणि मी रात्री लग्नपत्रिका अन् फ्लेक्सची डिझाईन करून चार पैसे काढतो, कोरल आणि फोटोशॉप. घरातला पीसी म्हणजे आय३ तिसरी जनरेशन, ४ जीबी रॅम. फ्लेक्सची फाईल उघडायला टाकली की तोवर चहा करून, पिऊन, कप धुवून होतो. विंडोज ११ त्यावर चढत नाही आणि १० चे फुकटातले अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद झाले. बजेट ४५ हजार, लई ताणलं तर ४७, त्याच्यावर घरात विषय काढायची सोय नाही.

युट्यूब बघून बघून लिस्ट केलीय ती अशी. प्रोसेसर रायझेन ५ ५६००. मदरबोर्ड ए३२०, एका ओळखीच्याकडं पडून आहे, स्वस्तात देतो म्हणायलाय. रॅम डीडीआर५ १६ जीबी, एकच काडी, म्हणजे पुढं अजून एक टाकता येईल. एसएसडी ५१२ जीबी एम.२. आणि कॅबिनेट ते ज्याच्यासोबत ४५० वॅटचा एसएमपीएस (करंट पुरवणारी डबी) फुकट येतो. ग्राफिक कार्ड आत्ता नको, दिवाळीच्या बोनसवर बघू.

ही लिस्ट घेऊन नवी पेठेत एका दुकानात गेलो तर तो माणूस बघून हसला, म्हणला हे चालूच होणार नाही. आणि स्वतःचं कोटेशन हातात दिलं, "आय५, १६ जीबी, ५१२ एसएसडी, फुल सेट १८ हजार". कुठला आय५ ते काय लिहिलेलं नाही. आता १८ हजारात होत असेल तर मी ४५ कशाला घालू? आणि जुन्यातलं काय काय वापरता येईल ते पण सांगा, १९ इंची मॉनिटर आहे (मागं फक्त निळा व्हीजीए), ५०० जीबी हार्ड डिस्क, आणि बहिणीच्या बिघडलेल्या लॅपटॉपमधली ८ जीबी डीडीआर४ रॅम.

बहिणीला अधूनमधून व्हॅलोरंट खेळायचंय. हे तिनं लिहायला लावलंय.

कडकभाकरी

हसणारा माणूस बरोबर हसला ओ, पण त्याचं कोटेशन त्याहून हसण्यासारखं आहे.

तुमची लिस्ट आधी. ५६०० ला स्वतःचं ग्राफिक्स नाही, म्हणजे दिवाळीपर्यंत पंखा फिरेल, लाईट लागतील, स्क्रीन काळी. डिस्प्ले पाहिजे तर ५६००जी, शेवटचा तो जी महत्त्वाचा. दुसरं, हे दोन्ही एएम४ सॉकेटचे (सॉकेट म्हणजे बोर्डावरची प्रोसेसर बसायची जागा) आणि एएम४ ला फक्त डीडीआर४ लागते, डीडीआर५ ची काडी त्या खाचेत बसतच नाही, मधली खाच वेगळ्या जागी असते. जोर लावून बसवणारे पण असतात, त्यांचं नाव काढत नाही. तिसरं, ए३२० बोर्ड जुना, त्यात ५००० सिरीजचा प्रोसेसर ओळखायला नवीन बायोस (मशीन चालू करणारं बोर्डातलं सॉफ्टवेअर) लागतो, आणि बायोस टाकायला आधी त्यात चालणारा जुना प्रोसेसर पाहिजे. तो कुठनं आणणार? स्वस्तातला बोर्ड तिथंच महाग पडतो.

आता १८ हजारवाला आय५. डोळे झाकून सांगतो, तिसरी नाहीतर चौथी जनरेशन असणार, म्हणजे २०१२-१३ चा माल. बोर्ड "नवीन" म्हणून देतात, एच६१ नाहीतर एच८१, खोक्यावर नाव पण कुणाला माहीत नसलेलं. तुमच्या आय३ चाच मोठा भाऊ घरी आणणार तुम्ही. विंडोज ११ ला इंटेलची आठवी जनरेशन आणि टीपीएम २.० (सुरक्षेची सोय) लागतं, ते त्यात नाही. व्हॅलोरंटला तर विंडोज ११ वर टीपीएम आणि सिक्युअर बूट (खात्रीचंच विंडोज चालू होऊ देणारी सेटिंग) दोन्ही चालू पाहिजेत, नाहीतर गेम उघडतच नाही. बहिणीला सांगा.

पेठेतला_पोऱ्या

लॅपटॉप घे की बे सरळ. कशाला डोक्याला ताप. कॉलेजला पण नेता येतो.

कडकभाकरी

@पेठेतला_पोऱ्या ४५ हजाराच्या लॅपटॉपवर फ्लेक्सच्या फाईली रोज रात्री? आणि रॅम बोर्डावरच चिकटवलेली निघाली तर वाढवायची कशी? माणसानं विचारलंय काय, तू सांगायलास काय.

एसएमपीएसवाले काका

मी रिपेरिंग करतो, वीस-बावीस वर्षं झाली, त्यामुळं माझं सगळं सांगणं बिघडलेल्या मशीनकडनं सुरू होतं, सवय आहे, सांभाळून घ्या.

होटगीरोडकर, पोरं लिस्ट वरनं खाली करतात, आधी प्रोसेसर, मग बाकीचं जे उरेल ते. तुम्ही बोर्ड मधोमध ठेवा. कुठला प्रोसेसर बसणार ते सॉकेट ठरवतं, कुठली रॅम बसणार ते बोर्ड ठरवतो, एम.२ ची जागा किती आणि कसली ते बोर्ड ठरवतो, कॅबिनेट केवढं लागणार ते पण बोर्डच. बोर्डाचं पूर्ण नाव, म्हणजे मागचे पुढचे सगळे अक्षर-आकडे, कंपनीच्या साईटवर टाकायचे आणि तिथं सीपीयू सपोर्टची यादी असते ती उघडायची. तुमच्या प्रोसेसरच्या ओळीत कुठल्या बायोस व्हर्जनपासून चालतो ते लिहिलेलं असतं. एवढं एक काम केलं तर निम्मी भांडणं मिटतात. दुकानात बोर्डाच्या खोक्यावर स्टिकर असतो, "रायझेन ५००० रेडी" वगैरे, तो पण बघावा.

रॅमचं आत्ता अवघड झालंय. गेल्या उन्हाळ्यात ज्या पैशात ८-८ च्या दोन काड्या यायच्या त्यात आता एक पण येईना. चिप बनवणाऱ्या कंपन्या सगळा माल एआयच्या सर्व्हरकडं वळवायलेत, आपल्यासारख्यांना उरलंसुरलं. म्हणून डीडीआर४ वरच राहा, डीडीआर५ चा नाद तुमच्या बजेटात करू नका. लॅपटॉपची काडी विसरा, ती आखूड असते, डेस्कटॉपच्या बोर्डात बसत नाही, ती विका आणि ते पैसे इकडं घाला, आत्ता तिला पण भाव आहे.

आणि एक काडी का दोन, तर दोन. ग्राफिक कार्ड नसलं की प्रोसेसरच्या आतलं ग्राफिक्स हीच रॅम वापरतं, दोन काड्या असल्या की दोन रस्त्यानं माल येतो, एक असली की एकाच. ५६००जी वर एकाच काडीनं गेम खेळून बघा आणि दुसरी लावून बघा, मशीन बदलल्यासारखं वाटतं. "पुढं अजून एक टाकीन" म्हणणाऱ्यांपैकी टाकणारे मी फार थोडे बघितलेत.

एम.२ चं एक. एम.२ हा फक्त आकार झाला. त्यात साटावाली पण येते आणि एनव्हीएमई पण. साटा गेली तर सेकंदाला साडेपाचशे एमबीच्या आसपास, एनव्हीएमई जनरेशन ३ ची चांगली असली तर तीन-साडेतीन हजार. किमतीत फार फरक नसतो, म्हणून दुकानदार जुनी साटावाली खपवतो. पुढच्या कडेला दोन खाचा असल्या तर बहुतेक साटा, एक खाच असली तर एनव्हीएमई. पण काही स्वस्त एनव्हीएमईला पण दोन खाचा असतात, तेव्हा खोक्यावर वाचायचं, आणि बोर्डाच्या पुस्तिकेत त्या जागेला काय चालतं ते बघायचं.

आता माझा विषय. फुकटचा एसएमपीएस.

तो ४५० वॅट तुम्ही बघितलात तो खोक्यावर. डबी उलटी करा, बाजूला लेबल असतं, त्यात छोटा तक्ता असतो, त्यात +१२ व्होल्टच्या खाली अँपिअर लिहिलेले असतात. तेवढेच बघायचे. प्रोसेसर आणि ग्राफिक कार्ड दोघं जेवतात ते १२ व्होल्टवरच. परवाच एक आला, वर मोठ्या अक्षरात ४५०, आणि तक्त्यात १२ व्होल्टला १६ अँपिअर. बारा गुणिले सोळा, १९२ वॅट झाले. बाकीचे वॅट कुठं गेले ते छापणाऱ्याला विचारा. खऱ्या ४५० वाल्याच्या तक्त्यात तिथं ३६-३७ असतात. वजनानं पण कळतं, हातात घेतला की फुकटचा एसएमपीएस पापडासारखा हलका. आतली वायर पण बघा, बोर्डाच्या वरच्या कोपऱ्यात प्रोसेसरला आठ पिनचं कनेक्टर लागतं, फुकटवाल्यात बऱ्याचदा चारच पिना असतात.

८० प्लस ब्राँझ (म्हणजे वीज कमी वाया घालवणारा), ५५० वॅटचा, ओळखीच्या कंपनीचा, पाच वर्षांची वॉरंटी बघून घ्या. दिवाळीला कार्ड टाकायचंय ना, आरएक्स ६६०० सारखं कार्ड एकटंच १३२ वॅट खातं आणि त्याला वेगळी आठ पिनची वायर लागते. आत्ता हजार-दीड हजार वाचवाल, दिवाळीला परत एसएमपीएस घ्याल.

जुन्यातली हार्ड डिस्क चालेल, साटाच असणार, डिझाईनच्या जुन्या फाईली ठेवायला. मॉनिटरला व्हीजीए असलेला बोर्ड शोधा, स्वस्त बोर्डांत अजून मिळतो. कीबोर्ड-माऊस चालूच राहील. जुना एसएमपीएस मात्र भंगारात.

अक्कलकोटरोड_अण्णा

काकांचं सगळं बरोबर पण ५६००जी कशाला? आय५ १२४०० घ्या ओ. माझं पण डिझाईनचंच काम, टॉवेल-चादरीची. कोरल काय सगळे कोर वापरत नाही, त्याला एकेक कोर किती पळतो त्याच्याशी मतलब, तिथं १२४०० पुढं आहे. सहा कोर, बारा थ्रेड, आतलं ग्राफिक्स यूएचडी ७३०. फक्त मागं एफ नको, १२४००एफ म्हणजे परत तीच काळी स्क्रीन.

बोर्ड एच६१०. बाराव्या जनरेशनला एच६१० वर बायोसची काही भानगड नाही, दोघं एकदमच बाजारात आले. पण इथं दुसरी गंमत आहे, एच६१० डीडीआर४ ची पण येते आणि डीडीआर५ ची पण, फोटोत दोन्ही सारखेच दिसतात. बऱ्याच कंपन्या नावात "डी४" लिहितात. ते बघून घ्या नाहीतर रॅम हातात घेऊन बसाल. आणि सगळ्यात स्वस्त एच६१० असतो त्यात एम.२ ची जागाच नसते काही ठिकाणी, ते पण बघा.

शिवाय दिवाळीच्या कार्डाचा विचार करा, ५६००जी जनरेशन ३ चा पीसीआयई (कार्डाकडं जाणारा रस्ता) देतो आणि आत कॅश (प्रोसेसरची आतली मेमरी) पण निम्मी, साध्या ५६०० ला ३२ एमबी तर ह्याला १६. आरएक्स ६६०० त्या रस्त्याच्या आठच लेनवर चालतं, म्हणजे तिथं जनरेशन ४ असलेलं बरं.

कडकभाकरी

@अण्णा पण कार्ड दिवाळीला येईल का नाही कुणी बघितलंय. बोनस म्हणजे बोनस. तोवर गेम खेळायचा तर ५६००जी चं आतलं व्हेगा ग्राफिक्स यूएचडी ७३० च्या पुढं आहे, हे मान्य करा की.

अक्कलकोटरोड_अण्णा

मान्य. जीटीए खेळायचा असता तर मी पण ५६००जी म्हणलो असतो. पण व्हॅलोरंट हलका गेम, लो सेटिंगला यूएचडी ७३० वर पण निघतो. आणि पैसे कोण कमवायलंय ह्या मशीनवर? कोरल कमवायलंय.

हुरडापार्टी

मी तर म्हणतो हैदराबादला जा, सिकंदराबादला पार्क लेनला सीटीसी (कॉम्प्युटरचं मार्केट) आहे, एका बिल्डिंगीत सगळं. नाहीतर सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसनं पुणं. चार-पाच हजार सहज वाचतात.

आणि सेकंड हँड कोणीच कसं बोललं नाही? कंपन्यांचे ऑफिसातले पीसी निघतात लॉटमध्ये, आठवी-नववी जनरेशन आय५, विंडोज ११ आरामात चालतं, २० हजाराच्या आत काम होतं.

एसएमपीएसवाले काका

हुरडापार्टी, ऑफिसच्या पीसीचा मुद्दा चांगला आहे, कार्ड टाकायचं नसतं तर मीच सांगितलं असतं. आठवी जनरेशन असेल तर तो १८ हजाराच्या "नवीन" आय५ पेक्षा कधीही बरा. पण त्या मशीनचा बोर्ड, एसएमपीएस, कॅबिनेट सगळं त्या कंपनीच्या आपल्या मापाचं. एसएमपीएस गेला तर बाजारातला बसत नाही, कनेक्टरच वेगळं. बारक्या कॅबिनेटमध्ये कार्ड पण अर्ध्या उंचीचंच लागतं. नुसतं टॅली आणि बिलिंग करायचंय त्याला द्यावा.

हैदराबादचं म्हणाल तर जाणाऱ्यांनी जावं, भाव खरंच चांगला असतो. पण एक बोर्ड खराब निघाला तर तीनशे किलोमीटर परत कोण जाणार? ऑनलाईनच्या बाबतीत पण तेच. मी म्हणेन प्रोसेसर आणि एसएसडी कुठनं पण घ्या, ते सहसा दगा देत नाहीत. बोर्ड, रॅम आणि एसएमपीएस गावातनं, पक्क्या बिलावर, बिलावर तिन्हीचे सिरीयल नंबर लिहून घेऊन. जीएसटी १८ टक्के आहे, "बिल नको असेल तर कमी करतो" म्हणणाऱ्याला हसून नमस्कार करायचा. प्रोसेसर मात्र खोक्यातला घ्या, ट्रे-वाला (खोक्याशिवायचा सुट्टा) घेतला तर पंखा पण नाही आणि कंपनीची तीन वर्षांची वॉरंटी पण नाही.

१२४०० का ५६००जी ह्यात मी पडत नाही, दोन्ही घराणी चांगली. ज्याचा डीडीआर४ बोर्ड आज गावात व्हीजीएसकट मिळेल ते घ्या.

पूर्वभाग_लूम

एक कुणी बोललं नाही म्हणून लिहूलालो. होटगीरोडकर कुठं का राहिना, पण सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा ४३-४४ ला जातो, त्यात खोलीत पत्रा असला तर विचारू नका. पुढनं काच लावलेलं, लाईटवालं कॅबिनेट घेऊ नका, आतली हवा आतच शिजते. पुढं जाळी पाहिजे, एक पंखा पुढनं आत ओढणारा, एक मागनं बाहेर टाकणारा, बास.

आमच्या घराशेजारी लूम आहेत, तिथलं सूत असं उडतं की दर दोन-तीन महिन्यांनी कूलर उघडला की पंखा आणि पट्ट्यांच्या मधी पांढरा थर, नखानं धरला की अख्खा एका तुकड्यात निघतो. पंखा फिरत असतो, हवा काय जात नाही. आम्ही जाळीच्या आतनं बायकांच्या जुन्या स्टॉकिंगचा तुकडा ताणून लावलाय, तो आठवड्याला झटकायचा. धूळ कुणाला चुकली नाही पण सुताची धूळ वेगळीच.

आणि अर्थिंग बघून घ्या आधी. कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येत असतील तर पीसी लावूच नका, आधी वायरमन बोलवा.

होटगीरोडकर

सगळ्यांचे लई आभार, एवढं कुणी सांगेल वाटलं नव्हतं.

कडकभाकरींनी शंका काढली म्हणून १८ हजारवाल्याला फोन करून विचारलं कुठली जनरेशन, तर म्हणला "आय५ म्हणजे आय५, जनरेशन काय बघताय". तिथंच फोन ठेवला.

आता असं ठरवलंय. आय५ १२४००, एफ नसलेला, खोक्यातला. एच६१० डी४, व्हीजीए आणि एचडीएमआय दोन्ही आहे, एम.२ एक जागा, कंपनीच्या साईटवर नाव टाकून सपोर्टची यादी बघितली, १२४०० पहिल्याच बायोसपासून आहे. रॅम ८-८ च्या दोन ३२०० च्या. एनव्हीएमई ५१२. एसएमपीएस ५५० ब्राँझ, दुकानात डबी उलटी करून तक्ता वाचला, दुकानदार माझ्याकडं बघतच राहिला. कॅबिनेट पुढं जाळीवालं, एसएमपीएस नसलेलं. मॉनिटर जुनाच. सगळं मिळून ४२ हजाराच्या आसपास बसायलंय आणि लॅपटॉपच्या रॅमचे थोडे आले ते वेगळे.

आता दोन शंका. बोर्डाला वायफाय नाही, राउटर दुसऱ्या खोलीत आहे. आणि घरात इन्व्हर्टर आहे तर वेगळा यूपीएस लागेल का? लाईटचं आमच्याकडं विचारू नका, उन्हाळ्यात दिवसातनं दोनदा तरी झटका देती. आणि हो, जोडायचं मी आणि बहीण घरीच करायचं म्हणतोय, तिचा हट्ट आहे. काही जपायचं असेल तर सांगा.

कडकभाकरी

वायफायला यूएसबीचं डोंगल लावा, सातशे-हजारात ५ गिगाहर्ट्झवालं येतं. जमत असेल तर लॅनची वायर ओढा, एकदाच ताप. कोरलला नेट लागत नाही पण व्हॅलोरंटला डोंगलवर पिंग (नेटला लागणारा वेळ) वर-खाली झालं की शिव्या तुम्हालाच पडणार.

एसएमपीएसवाले काका

यूपीएस घ्या, उरलेल्या पैशात ६०० व्हीएचा येतो. ६०० व्हीए म्हणजे ३६० वॅट धरा. कार्ड नसताना तुमचं मशीन मॉनिटरसकट दीडशेच्या आतच राहील, दिवाळीला कार्ड आलं तरी भागतं. इन्व्हर्टरचं असं, स्क्वेअर वेव्हवाला असेल तर नवीन एसएमपीएसला ते नेहमी पचतंच असं नाही, लाईट जाते आणि मशीन त्याच क्षणी रिस्टार्ट. साईन वेव्हवाला असेल आणि त्याला यूपीएस मोडचा बटन असेल तर तो टाकून बघा, तो साध्या मोडपेक्षा लवकर बदली करतो. रात्री बारा वाजता पत्रिकेची फाईल सेव्ह न करता गेली की काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको.

जोडताना. इंटेलच्या ह्या सॉकेटमध्ये पिना बोर्डावर असतात, केसासारख्या, त्यावर बोट, कापड, फुंकर काही नाही. प्रोसेसरच्या कोपऱ्यात सोनेरी त्रिकोण आहे तो सॉकेटच्या त्रिकोणावर आणून नुसता ठेवायचा, ढकलायचा नाही. वरचं काळं प्लास्टिक आधी काढू नका, लिव्हर दाबली की ते आपोआप उडतं. लिव्हर दाबताना करकर वाजतं आणि जोर लागतो, पहिल्यांदा करणारा तिथं हमखास थांबतो, थांबू नका, तसंच असतं. ते काळं झाकण टाकून देऊ नका, बोर्ड वॉरंटीत द्यायची वेळ आली की ते मागतात.

बोर्ड कॅबिनेटमध्ये टाकायच्या आधी कूलर बाहेरच लावा. खाली थर्मल पेस्ट लावलेली येते, वेगळी नको. चार पाय आहेत, समोरासमोरचे कोपरे धरून दाबायचे, टक् असा आवाज येतो. मग बोर्ड उलटा करून चारही ठिकाणी टोकं आरपार आलीत का बघा. एक पाय अर्धा राहिला की मशीन चालतं, पण उन्हाळ्यात गरम होऊन हळू पडतं आणि लोक विंडोज परत टाकत बसतात. असे माझ्याकडं दर मे महिन्यात येतात.

कॅबिनेटमध्ये बोर्डाखाली पितळेचे स्टँडऑफ (बोर्ड उचलून धरणारे खुंट) लागतात, बोर्डाला जिथं भोक आहे तिथंच, जास्तीचा एक पण नको. बोर्ड मायक्रो एटीएक्स असणार, त्याची भोकं एटीएक्सपेक्षा कमी.

पहिल्यांदा चालू केलं की लगेच काही दिसणार नाही, रॅम ओळखायला वेळ घेतं, एक-दोन मिनिटं हात बांधून बसा. तरी नाही दिसलं तर एक काडी काढून एकीवर बघा. चालू झालं की बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी (रॅम पूर्ण वेगानं पळवायची सेटिंग) लावा, नाहीतर ३२०० ची रॅम बऱ्याचदा २६६६ नाहीतर त्याच्याखाली पळत बसते. इंटेल पीटीटी चालू आहे का बघा, तेच टीपीएम. विंडोज टाकताना एसएसडी जीपीटी (डिस्क मांडायची नवी पद्धत) करून टाका म्हणजे सिक्युअर बूट लागेल. आणि जुनी हार्ड डिस्क विंडोज टाकून होईपर्यंत जोडूच नका, नाहीतर बूटच्या फाईली तिच्यावर जाऊन बसतात, मग ती काढली की नवीन विंडोज उघडत नाही.

पेठेतला_पोऱ्या

काका, स्टँडऑफ जास्तीचा लागला तर काय होतंय?

एसएमपीएसवाले काका

बोर्डाच्या मागं टाके असतात, त्याला टेकला की शॉर्ट. नशीब असेल तर चालू होत नाही एवढंच. नसेल तर माझ्याकडं येतोस.

होटगीरोडकर

बहिणीनं हे सगळं वहीत उतरवून घेतलंय. गड्डा (सिद्धेश्वराची जत्रा) संपला की रविवारी सामान आणतो. काका, तुमचं दुकान कुठं आहे ते मेसेज करता का, यूपीएस तुमच्याकडनंच घेतो.

एसएमपीएसवाले काका

मेसेज केलाय. दुपारी दोन ते चार येऊ नका, झोपलेला असतो.